भ्रष्टाचारावरच्या चित्रपटाचा शेवट कडू असला, तर तो चित्रपट अधिक बळकट का वाटतो?

धरमपेठची वाचक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतले आठ-दहा शेजारी महिन्यातून एका शनिवारी कोणाच्या तरी घरी जमतात, एखादा जुना चित्रपट पाहतात आणि नंतर चहा घेत त्यावर बोलतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनामुळे शहराला वेगळेच रूप येते. सिव्हिल लाइन्सकडे सरकारी गाड्यांचे ताफे धावू लागतात आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर रोज नवा मोर्चा येऊन थांबतो. त्यामुळे या वेळी आम्ही मुद्दाम डॉ. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (1979) लावला. ज्यांच्या कादंबऱ्यांवरून तो घेतला, ते अरुण साधू आपल्या परतवाड्याचे, आणि 2007 साली नागपुरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यातले गाणे सुरेश भटांचे. त्यामुळे चित्रपट मुंबईच्या राजकारणाचा असला, तरी आम्हाला तो घरचा वाटतो.

चित्रपट संपला आणि माझे वडील नाराज झाले. ते निवृत्त शिक्षक आहेत, वय 74. ते म्हणाले, “इतका वेळ ज्यांची चीड येत होती, त्यांचे सगळे सुरळीत जमले, आणि ज्याने सगळे जवळून पाहिले तो बिचारा पत्रकार दिगू टिपणीस मात्र भानावर राहिला नाही. हे तर मी रोज सकाळी पेपरात वाचतो. मग मी हे पाहिले कशासाठी?” मी म्हटले, “बाबा, वास्तव तसेच आहे.” त्यावर ते म्हणाले, “वास्तव तर नळाला पाणी न येणे हेसुद्धा आहे. नुसते वास्तव आहे म्हणून एखादी गोष्ट चांगली कशी ठरेल?”

मला उत्तर देता आले नाही आणि तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. शेवट वास्तवाला धरून आहे की नाही, हे मला विचारायचे नाही. मला विचारायचे आहे ते असे, की अशा शेवटामुळे चित्रपटाला नेमके काय मिळते? नायक मंत्र्याला भर चौकात बदडतो असे कितीतरी चित्रपट मी आनंदाने पाहिले आहेत आणि पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत विसरूनही गेले आहे. दिगूचा चेहरा मात्र त्या रात्री मला झोपू देत नव्हता. हा फरक कशाने पडतो, ते जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

सदरचा प्रेक्षक

ताई, तुमच्या वडिलांचा प्रश्न रास्त आहे. ‘वास्तव तसेच आहे’ एवढ्या उत्तरावर त्यांचे समाधान झाले नाही, हेही योग्यच झाले. माझे अर्धे आयुष्य लिबर्टी आणि स्मृती या दोन टॉकीजच्या आसपास गेले, म्हणून पाहिलेले सांगतो. नायकाने शेवटच्या रिळात खलनायकाला लोळवले की पडद्याकडे शिट्ट्या जातात, चिल्लर उडते आणि दिवे लागायच्या आत लोक उठून दाराकडे निघतात. उठताना कोणाच्या मनात काही शिल्लक राहिलेले नसते, कारण जे देणे होते ते पडद्यावरच चुकते झालेले असते. पडद्यावर हिशेब मिटला, की प्रेक्षकाच्या अंगावर काहीच उरत नाही.

आता भ्रष्टाचार ही गोष्ट मुळात कशी चालते ते पाहा. एका रस्त्याचे बिल निघायचे असेल, तर कनिष्ठ अभियंता एमबीत, म्हणजे मोजमापाच्या वहीत, मोजमाप लिहितो, त्याचा वरिष्ठ ते तपासल्याची सही करतो, लेखा शाखा त्रुटी काढते किंवा काढत नाही, कंत्राटदार प्रत्येक टेबलावर ठरलेली टक्केवारी पोचवतो आणि त्यातला वाटा वर कुठेतरी जातो. प्रत्येकाच्या वाट्याला थोडेथोडे येते आणि प्रत्येकाजवळ स्वतःपुरते एक कारण असते. कोणाच्या मुलीचे लग्न असते, तर कोणाला बदली टाळायची असते. यातल्या कोणाला चौकात बदडायचे? एकाला बदडले तर खुर्ची रिकामी होईल आणि सोमवारी तिच्यावर दुसरा येऊन बसेल. म्हणून ज्या चित्रपटात एका माणसाला शिक्षा झाली की भ्रष्टाचार संपतो, त्या चित्रपटाने भ्रष्टाचाराचे वर्णनच चुकीचे केलेले असते. तिथला गोड शेवट खोटा असतो, आणि त्या खोटेपणामुळे आधीचे दोन तासही मागे जाऊन खोटे होतात.

याचे सर्वांत चांगले उदाहरण माझ्या मते कुंदन शहा यांचा ‘जाने भी दो यारों’ (1983) आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. शवपेटीतल्या मृतदेहाची पळवापळवी आणि रंगमंचावर द्रौपदी वस्त्रहरणाच्या प्रवेशात उडालेला तो गोंधळ सगळ्यांना आठवत असेल. विनोद आणि सुधीर या दोन गरीब छायाचित्रकारांच्या हाती खुनाचा पुरावा असतो आणि तो आता बाहेर येणार अशी आपली खात्री झालेली असते. पण एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेले बिल्डर, अधिकारी आणि संपादक अशा वेळी एका खोलीत बसून आपापसात समझोता करतात आणि पूल पडल्याचा दोष या दोघांच्या माथी मारला जातो. अखेरच्या दृश्यात ते दोघे कैद्यांच्या कपड्यांत मुंबईच्या रस्त्यावरून चालत येतात, थेट आपल्याकडे पाहतात आणि गळ्यावरून हात फिरवतात. मागे ‘हम होंगे कामयाब’ चालू असते. तेवढ्या काही सेकंदांत मला कळले, की आपण मघापासून कशाला हसत होतो. शेवटी बिल्डरला बेड्या पडल्या असत्या, तर हा एक चांगला फार्स राहिला असता आणि चाळीस वर्षांनंतर त्यावर कोणी बोलले नसते.

थोडे विषयाला जोडूनच सांगतो. गोड शेवट हा प्रेक्षकांच्या आवडीने आला असे आपण धरून चालतो, पण अमेरिकेत 1934 पासून 1968 पर्यंत निर्मात्यांच्या संहितेने तो जवळपास सक्तीचाच केला होता. गुन्हेगाराला शिक्षा झालेली दाखवल्याशिवाय चित्रपट मंजूर होणे कठीण असे. ती संहिता गेल्यानंतर सहा वर्षांनी ‘चायनाटाउन’ (1974) आला. लॉस एंजेलिसच्या पाण्यावरून आणि जमिनीवरून झालेल्या कारस्थानाची ती गोष्ट आहे. पटकथाकार रॉबर्ट टाउन यांना शेवट सुखाचा हवा होता, दिग्दर्शक रोमन पोलान्स्की अडून बसले आणि म्हातारा लबाड मोकळा सुटतो असा शेवट झाला. पुढे मागे वळून पाहताना पोलान्स्कींचेच बरोबर होते असे बहुतेकांनी मानले. अकिरा कुरोसावा यांच्या ‘द बॅड स्लीप वेल’ (1960) मध्ये तर नायकाचा मृत्यूसुद्धा आपल्याला दाखवत नाहीत. तो मारला गेल्याचे फक्त ऐकू येते, आणि अखेरीस भ्रष्ट अधिकारी टेलिफोनवर आपल्याहून वरच्या कोणाशी तरी अदबीने बोलत असतो. तो वरचा माणूस संपूर्ण चित्रपटात एकदाही दिसत नाही. आपण ज्याला सर्वांत वरचा समजत होतो त्याच्याही वर कोणी आहे, हे त्या एका टेलिफोनमुळे कळते. दुसरा कोणताही शेवट ते सांगू शकला नसता.

निवृत्त लिपिक, मानेवाडा

मी चित्रपटांचा जाणकार नाही. पण या विषयावर मला एक अनुभव सांगावासा वाटतो, कारण मी अशा गोष्टीचा शेवट स्वतः पाहिलेला आहे. कार्यालयांची आणि गावांची नावे मुद्दाम देत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने आमच्या कार्यालयाकडून दोन पंच मागितले आणि साहेबांनी मला व दुसऱ्या शाखेतल्या एका सहकाऱ्याला पाठवले. तक्रारदार हा साधा शेतकरी होता. वडील वारल्यावर फेरफार नोंदवून सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी त्याच्याकडे पाच हजार रुपये मागितले गेले होते. त्याने आणलेल्या पाचशेच्या दहा नोटांचे क्रमांक पंचनाम्यात उतरवले. मग त्या नोटांना अँथ्रासीनची पावडर लावली. ती साध्या उजेडात दिसत नाही, पण अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळसर चमकते, हे आम्हाला आधी दाखवून दिले. नोटा शेतकऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवल्या आणि मागितल्याशिवाय हात लावू नको, कोणाशी हात मिळवू नको, असे त्याला चारचारदा बजावले. पहिला पंच म्हणून मला त्याच्याबरोबर आत जायचे होते.

दुपारच्या जेवणाची वेळ होती. त्या कर्मचाऱ्याच्या टेबलावर डबा उघडा होता आणि पोळीचा एक घास तोडलेला होता. त्याने ‘आणले का?’ एवढेच विचारले, नोटा घेतल्या, न मोजता ड्रॉवरमध्ये टाकल्या आणि ड्रॉवर गुडघ्याने बंद केला. शेतकऱ्याने ठरल्याप्रमाणे रुमालाने तोंड पुसले, आणि मिनिटभरात खोली माणसांनी भरली. खिडक्या लावून अंधार केला, दिवा लावला आणि त्याच्या बोटांची टोके निळी चमकली. बाहेर व्हरांड्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो कर्मचारी कोणाकडेच पाहत नव्हता, डब्याकडे पाहत होता.

याच्यावर चित्रपट काढला, तर तो त्या निळ्या बोटांवर संपेल. कोणालाही तिथेच संपवावासा वाटेल आणि तिथपर्यंत सगळे खरेही आहे. पण पुढचे ऐका. त्याला निलंबित केले, निम्मा पगार निर्वाहभत्ता म्हणून सुरू झाला, खटला चालवायची मंजुरी यायला बराच काळ गेला आणि तेवढ्यात तो दुसऱ्या कार्यालयात कामावर रुजूही झाला. मला साक्षीचे समन्स सातव्या वर्षी आले. तोपर्यंत शेतकऱ्याने ती जमीन विकलेली होती. तो न्यायालयात म्हणाला, की ते पैसे लाचेचे नव्हते, मी त्यांच्याकडून हातउसने घेतले होते ते परत केले. तो असा फितूर का झाला, हे मी त्याला विचारले नाही, आणि आजही मला त्याचा राग येत नाही. त्याला त्याच तालुक्यात राहायचे होते. मग माझी उलटतपासणी झाली. नोटा कोणत्या हाताने घेतल्या? मी म्हणालो, डाव्या. पंचनाम्यात उजवा लिहिला होता. ड्रॉवर कोणत्या बाजूला होता, दार उघडे होते की लोटलेले, हेही मला छातीठोकपणे सांगता आले नाही. नोटा सापडल्या हे सिद्ध झाले, पण मागणी सिद्ध झाली नाही, म्हणून तो निर्दोष सुटला. त्याला मागच्या पगाराचा सगळा फरक मिळाला. निवृत्तीच्या दिवशी त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि त्याचे निमंत्रण मलाही आले होते.

तक्रारदार फितूर झाला तरी परिस्थितिजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले. आमचा खटला त्याच्या कितीतरी आधी संपला होता.

धरमपेठच्या ताईंनी वडिलांना एवढेच सांगावे, की निळी बोटे पाहून मला फार आनंद झाला होता, पण त्यातून मला काहीच शिकता आले नाही. माणूस कसा सुटतो, कोणत्या टप्प्यावर कोण गळतो आणि का गळतो, हे मला नंतरच्या सात वर्षांत कळले. जो चित्रपट टाळ्यांशी थांबतो, तो नेमकी तीच सात वर्षे गाळतो.

हिंगण्याची अभियंता

काकांचा अनुभव वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. तरीही एक आक्षेप मांडते, कारण तो माझ्या रोजच्या कामातला आहे.

मी बांधकामाच्या साइटवर काम करते. माझ्या आजूबाजूच्या प्रत्येकाला ‘शेवटी काहीच होत नाही’ हे पाठ आहे. लाच देणारा हेच म्हणतो, घेणारा हेच म्हणतो आणि बघणाराही हेच म्हणतो. मग असा चित्रपट त्यांच्या हातात आणखी एक पुरावा देत नाही का? गोड शेवट पाहून माणूस निश्चिंत होऊन घरी जातो हे मान्य आहे, पण कडू शेवट पाहून हताश झालेला माणूससुद्धा घरीच जातो. दोघांनाही दुसऱ्या दिवशी काही करायचे नसते.

‘अर्धसत्य’ (1983) पाहताना मला हेच जाणवले. श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानींनी तो दिग्दर्शित केला. इन्स्पेक्टर वेलणकर अखेरीस राजकारणात शिरलेल्या गुंड रामा शेट्टीचा गळा दाबतो आणि स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होतो. वेलणकर संपला, म्हणून याला सुखद शेवट म्हणता येत नाही. पण गळा दाबताना प्रेक्षकाला जे बरे वाटते, ते मंत्र्याला बदडताना वाटते त्याच जातीचे आहे. उलट हृषीकेश मुखर्जींच्या ‘सत्यकाम’ (1969) मधला अभियंता आजाराने मरतो, आयुष्यभर बदल्या आणि ओढाताण सोसतो, आणि तरीही तो पाहून मला हताश वाटत नाही. माझ्याच व्यवसायातला एक माणूस सही करायला नाही म्हणतो आणि त्याची किंमत त्याच्या बायकोलाही मोजावी लागते, हे त्यात इतके तपशिलाने दाखवले आहे की दुसऱ्या दिवशी एमबी उघडताना त्याची आठवण येते. म्हणजे शेवट दुःखद आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही, असे मला वाटते.

दुसरे असे, की शेवट कुठला, हेच आपण ठरवलेले असते. आपल्याच नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतल्या रोखे घोटाळ्याचे पाहा. सुमारे दीडशे कोटींच्या त्या प्रकरणात गुन्हा 2002 साली नोंदला गेला आणि पहिल्या न्यायालयाचा निकाल लागला तो डिसेंबर 2023 मध्ये, आरोपींना शिक्षा सुनावून. कोणी 2015 साली यावर चित्रपट काढला असता, तर त्याचा शेवट कडू म्हटला गेला असता. 2024 साली काढला, तर गोड म्हटला जाईल. पण मधल्या एकवीस वर्षांत ज्या शेतकऱ्याला वेळेवर पीककर्ज मिळाले नाही, त्याच्यासाठी दोन्ही शेवट सारखेच आहेत.

सदरचा प्रेक्षक

तुमचा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि माझ्या आधीच्या उत्तरात ही उणीव राहिली होती हेही मान्य करतो. दुःखद शेवट आपोआप चांगला होत नाही. नायकाला मारून टाकले आणि पाऊस पाडला, एवढ्याने काम होत असते, तर ते फारच सोपे होते. हताश करणारा शेवट आणि बळकट शेवट यांत मला दिसणारा फरक असा आहे, की पहिला नुसते ‘हरलो’ म्हणतो आणि दुसरा कुठे हरलो ते बोट ठेवून दाखवतो.

कोस्टा-गाव्रास यांचा ‘झेड’ (1969) मिळाला तर अवश्य पाहा. ग्रीसमधले खासदार ग्रिगोरिस लाम्ब्राकिस यांच्यावर 1963 साली थेसालोनिकी शहरात जीवघेणा हल्ला झाला, त्या घटनेवर तो आधारलेला आहे. तिथला तपासी दंडाधिकारी कोणाच्या दबावाला न जुमानता पोलिसांच्या बड्या अधिकाऱ्यांवर एकामागून एक आरोप ठेवतो आणि प्रेक्षकाला वाटते, जिंकलो. नेमक्या त्याच क्षणी निवेदन सुरू होते. साक्षीदार एकेक करून कसे मेले, बड्यांना किती हलक्या शिक्षा झाल्या आणि लष्कराने सत्ता घेतल्यावर कशाकशावर बंदी आली, याची यादीच वाचून दाखवली जाते. ती ऐकताना कोणी ‘काहीच होत नाही’ असे म्हणू शकत नाही, कारण काय-काय झाले तेच तर तो सांगत असतो.

आणि तुमचा ‘शेवट कुठला’ हा मुद्दा इथेही लागू पडतो. ते लष्करी सरकार 1974 साली कोसळले आणि ज्या दंडाधिकाऱ्यावरून ते पात्र घेतले, ते ख्रिस्तोस सार्त्झेताकिस 1985 साली ग्रीसचे राष्ट्राध्यक्ष झाले. हे आता कळले म्हणून चित्रपटाच्या शेवटी जोडले, तर चित्रपट बिघडेल. लोकांनी पुढची वर्षे काढली, ती तो चित्रपट जिथे थांबला तिथून. मानेवाड्याच्या काकांनी सांगितलेली गोष्ट मला याच जातीची वाटते. ती वाचून दुःख झाले, पण समन्स सातव्या वर्षी का येते आणि शेतकरी फितूर का होतो, हेही कळले.

धरमपेठची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. मानेवाड्याच्या काकांचे उत्तर मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. डब्याच्या ठिकाणी ते मला थांबवून म्हणाले, “परत वाच.” मग बराच वेळ काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, की ‘सिंहासन’ पुन्हा लावायचा असेल तर मी बसेन, पण या वेळी मला दिगूकडे नाही, त्याच्या आजूबाजूच्या माणसांकडे पाहायचे आहे, कोण कधी गप्प बसतो ते. त्यामुळे पुढच्या शनिवारी आम्ही तोच चित्रपट पुन्हा पाहणार आहोत आणि त्यानंतर ‘झेड’ शोधणार आहोत.

बाबांनी काकांना एक प्रश्न विचारायला सांगितला आहे, तो त्यांच्याच शब्दांत देते. “इतके सगळे झाल्यावर, उद्या पुन्हा पंच म्हणून बोलावणे आले असते, तर तुम्ही गेला असता का?”

निवृत्त लिपिक, मानेवाडा

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. बोलावणे पुन्हा आलेही होते, निवृत्तीच्या दोन वर्षे आधी, आणि मी गेलो होतो. त्या दिवशी घरी परतल्यावर जेवायच्या आधी मी एक वही काढली आणि नोटा कोणत्या हाताने घेतल्या, कोणत्या खिशात गेल्या, दार किती उघडे होते, खोलीत कोण कुठे बसले होते, घड्याळात किती वाजले होते, हे सगळे लिहून ठेवले, आणि खोलीचा एक नकाशाही काढला. तो खटला अजून उभा राहायचा आहे. वही कपाटात वरच्या कप्प्यात आहे, आणि ती कुठे आहे हे मुलालाही सांगून ठेवले आहे.